पानातील हिरवी माळ : एका शारीर-निरीक्षणाचा इतिहास

१

जोंधळ्याचे एक ताजे पान घ्यावे, नव्या पात्याने त्याचा पातळ आडवा छेद काढावा आणि पाण्याच्या थेंबात ठेवून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. पानाची प्रत्येक शीर मोठ्या, गडद हिरव्या पेशींच्या एका कड्यात बसविलेली दिसते. या कड्याबाहेर दुसऱ्या, लहान पेशींचे वलय असते. या पेशी मध्यापासून बाहेर पसरणाऱ्या किरणांसारख्या रचलेल्या असतात. आता शेजारी गव्हाच्या पानाचा छेद ठेवावा. येथेही शिरेभोवती आवरण आहे. पण ते फिकट आहे, त्यात हरितकण फारच थोडे आहेत आणि भोवतालच्या हिरव्या पेशींची मांडणी शिरेला धरून केलेली नाही. दोन्ही वनस्पती तृणकुलातील, दोहोंची पाने वरून सारखीच लांबट व समांतर शिरांची. असे असता आतील घडण मात्र भिन्न.

वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी आज हा भेद एका तासात पाहतो आणि त्याचे कारणही बहुधा त्याच तासात ऐकतो. इतिहासात मात्र भेद दिसणे आणि त्याचे कारण कळणे यांमध्ये सुमारे नव्वद वर्षांचे अंतर आहे. हा भेद गुप्त नव्हता. तो मान्यवर ग्रंथांतून छापलेला होता, त्याच्या आकृत्या उपलब्ध होत्या आणि ज्या पिकांत तो आढळतो ती जगातील प्रमुख पिके होती. असे असूनही त्याचा अर्थ लागण्यास इतका काळ का लागला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

पान हे प्रकाशात अन्न तयार करणारे इंद्रिय आहे, ही कल्पना अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थिर झाली. यान इंगेनहाउस याने १७७९ मध्ये दाखविले की, वनस्पतींचे हिरवे भागच प्राणवायू बाहेर टाकतात आणि तेही केवळ प्रकाशात. जिनीव्हाच्या झां सेनेबिए याने या क्रियेत कार्बन डाय-ऑक्साइडची आवश्यकता दाखविली; त्याच नगरातील नीकोला तेओदोर द सोस्यूर याने १८०४ मध्ये वजनमापे घेऊन या क्रियेत पाण्याचाही वाटा असल्याचे सिद्ध केले. १८६० नंतरच्या दशकात यूलिउस झाक्स याने प्रकाशात हरितकणांमध्ये पिष्टकण साचतात हे दाखवून क्रियेचे स्थान निश्चित केले. अशा रीतीने शंभर वर्षांत क्रिया कोणती, द्रव्ये कोणती आणि स्थान कोणते, या तिन्ही प्रश्नांची स्थूल उत्तरे मिळाली होती.

यानंतर प्रश्न उरला तो पानाच्या बांधणीचा. हवेत कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण अत्यल्प आहे. आजही ते दर दहा हजार भागांत चार भागांच्या थोडे वर आहे. तो वायू आत घ्यावयाचा तर पानाला हवेशी संबंध ठेवला पाहिजे. आणि संबंध ठेवला की आतील ओलावा बाहेर जाणारच. अन्न मिळवावयाचे तर पाणी गमवावे लागते, हा पानाच्या जीवनातील मूळ पेच होय. सामान्य पानाची रचना या पेचातून काढलेली तडजोडच आहे. वर मेणचट बाह्यत्वचा, तिच्याखाली उभ्या स्तंभपेशींचा थर, त्याखाली पोकळ्यांनी युक्त असा विरळ थर आणि खालच्या त्वचेत उघडमीट करणारी त्वग्रंध्रे, ही ती रचना. होरेस ब्राउन व फर्ग्युसन एस्कोम यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून दिसून आले की, अतिसूक्ष्म छिद्रांतून होणारे वायूचे प्रसरण छिद्राच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात नसून त्याच्या व्यासाच्या प्रमाणात होते. त्यामुळे रंध्रांनी व्यापलेली जागा पानाच्या पृष्ठाचा अगदी लहान अंश असली, तरी तेवढ्यातून पुरेसा वायू आत येऊ शकतो. तथापि, ज्या वाटेने वायू आत येतो त्याच वाटेने बाष्पही जाते. ब्राउन व एस्कोम यांच्या नियमाने मूळ पेच सुटला नाही, तो अधिक स्पष्ट मात्र झाला.

३

पानाच्या आतील रचनेकडे या दृष्टीने पाहण्याचे श्रेय प्रामुख्याने गोटलीप हाबरलांट (१८५४–१९४५) यास दिले पाहिजे. श्वेंडेनर या शिक्षकाकडून त्याने एक तत्त्व घेतले होते : वनस्पतीच्या ऊतकांचे वर्गीकरण केवळ आकारावरून न करता ती कोणते कार्य करतात यावरून करावे. या तत्त्वावर आधारलेला त्याचा ‘फिजिओलोगिशे फ्लान्त्सेनआनाटोमी’ हा ग्रंथ १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी तो ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे होता. हिरव्या ऊतकाच्या मांडणीमागे त्याला दोन सूत्रे दिसली. एक, हरितकणांसाठी पेशींचा अंतःपृष्ठभाग शक्य तितका वाढविणे. आणि दुसरे, तयार झालेले अन्न शक्य तितक्या जवळच्या वाटेने शिरेपर्यंत पोहोचविणे.

आरंभी वर्णिलेल्या रचनेला याच ग्रंथपरंपरेत ‘क्रान्झ’ हे नाव मिळाले. जर्मन भाषेत त्याचा अर्थ माळ किंवा पुष्पचक्र असा होतो. मराठीत आपण तिला ‘हिरवी माळ’ म्हणू. ही रचना पहिल्याने पाहणारा हाबरलांटच होता असे नव्हे. फ्रेंच वनस्पतिज्ञ दुव्हाल-झूव्ह याने १८७५ मध्ये तृणांच्या पानांतील ऊतकांच्या मांडणीचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला होता; त्यापूर्वी त्याने लव्हाळ्यांच्या वर्गातही अशी मांडणी पाहिली होती. परंतु दुव्हाल-झूव्हची दृष्टी मुख्यतः जातींच्या वर्गीकरणाची होती. हाबरलांटने त्याच गोष्टीला कार्याचा प्रश्न विचारला. हरितकणयुक्त पेशींचे दोन निरनिराळे थर एकाच शिरेभोवती आहेत, त्या अर्थी त्यांच्यात काही श्रमविभाग असला पाहिजे. तो कोणता हे अद्याप ज्ञात नाही, असे त्याचे मत होते.

येथे इतिहासलेखकाने सावध राहिले पाहिजे. पुढे जे सिद्ध झाले ते हाबरलांटने आधीच ओळखले होते, असे म्हणण्याचा मोह अनेकांना झाला आहे. वस्तुतः त्याच्यापाशी केवळ एक योग्य प्रश्न होता. एका पेशीत कार्बन डाय-ऑक्साइड एकदा पकडावा, तो अम्लरूपाने शेजारच्या पेशीत पाठवावा आणि तेथे मोकळा करून पुन्हा पकडावा, ही कल्पना १८८४ च्या रसायनज्ञानात सुचणे अशक्य होते. त्याचा ग्रंथ अनेक आवृत्त्यांतून गेला आणि चौथ्या जर्मन आवृत्तीचे इंग्रजी भाषांतर १९१४ मध्ये निघाले. प्रश्न अशा रीतीने सर्वांच्या हाती पोहोचला, पण तो पाठ्यपुस्तकातील एक वर्णन होऊन बसला.

४

याच सुमारास दुसऱ्या एका क्षेत्रात, या माळेशी काहीही संबंध न जोडता, एक महत्त्वाचे मापन चालले होते. अमेरिकेतील कोलोराडो राज्यात अ‍ॅक्रन येथे लायमन ब्रिग्ज व होमर शान्ट्झ यांनी निरनिराळ्या पिकांची पाण्याची गरज तोलून पाहिली. कोरड्या वजनाचा एक भाग तयार करण्यास वनस्पती पाण्याचे किती भाग उत्सर्जित करते, हा त्यांचा प्रश्न होता. १९१३–१४ च्या त्यांच्या आकड्यांत ज्वारीस सुमारे ३२०, मक्यास सुमारे ३७०, तर गव्हास ५०० हून अधिक आणि लसूणघासास ८०० हून अधिक भाग पाणी लागते असे दिसते. पाणी कमी घेणारी पिके एका बाजूस आणि अधिक घेणारी दुसऱ्या बाजूस, अशी स्पष्ट फाळणी त्या आकड्यांत होती. ही फाळणी आणि हिरव्या माळेने होणारी फाळणी बहुतांशी एकच आहे, हे आज आपणांस एका दृष्टिक्षेपात कळते. परंतु आकडे कृषिखात्याच्या पत्रिकांत होते आणि माळ शारीराच्या ग्रंथांत होती.

तिसरा धागा मक्याच्या अभ्यासकांचा. १९४४ मध्ये र्‍होड्स व कार्व्हाल्यो यांनी दाखविले की, मक्याच्या पानात पिष्ट साचते ते बहुशः शिरेच्या आवरणातील हरितकणांत. बाहेरील पेशींच्या हरितकणांत ते सामान्यतः आढळत नाही. १९५५ मध्ये हॉज, मॅक्लीन व मर्सर यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिले, तेव्हा दोन्ही थरांतील हरितकणांची अंतर्रचनाच निराळी निघाली. श्रमविभागाचा पुरावा अशा रीतीने वाढत होता. श्रम कोणते, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते.

५

ते सांगू शकणारे शास्त्र रसायन होते. आणि रसायनाची वाटचाल निराळ्याच दिशेने झाली. मार्टिन केमेन व सॅम रूबेन यांनी १९४० मध्ये दीर्घायुषी किरणोत्सर्गी कार्बन शोधून काढला. त्याच्या साहाय्याने बर्कली येथे मेल्व्हिन कॅल्व्हिन, अँड्र्यू बेन्सन व जेम्स बॅशम यांनी प्रकाशसंश्लेषणातील कार्बनाचा मार्ग शोधला. काचेच्या चपट्या पात्रात हिरव्या शैवलाचे पाणी ठेवावयाचे, प्रकाशात त्याला किरणोत्सर्गी कार्बन डाय-ऑक्साइड द्यावयाचा, काही सेकंदांनी ते पाणी उकळत्या अल्कोहोलमध्ये सोडून क्रिया तत्काळ थांबवावयाची आणि मग कागदी वर्णलेखनाने कोणकोणत्या पदार्थांत तो कार्बन शिरला आहे हे पाहावयाचे, अशी त्यांची पद्धती होती. पहिला पदार्थ फॉस्फोग्लिसरिक अम्ल हा निघाला. त्यात कार्बनाचे तीन अणू असतात. तेथून पुढचे चक्र १९५४ च्या सुमारास पूर्ण झाले आणि कॅल्व्हिनला १९६१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या कार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. सर्व हिरव्या वनस्पतींत साखर तयार होते ती अखेर याच चक्राने. परंतु ज्या सजीवांवर हे संशोधन मुख्यतः झाले ती क्लोरेला व सेनेडेस्मससारखी एकपेशी शैवले होती. पात्रात वाढविण्यास आणि क्षणात मारण्यास ती अत्यंत सोयीची होती. त्यांना पान नव्हते, शीर नव्हती, रंध्र नव्हते, आणि म्हणून शीरेभोवतीची माळही नव्हती. सोयीसाठी निवडलेला नमुना हळूहळू सर्व वनस्पतींचा प्रतिनिधी मानला गेला. ज्या प्रश्नाचे उत्तर रसायनाने द्यावयाचे होते, तो प्रश्न विचारता येईल अशी वनस्पती रसायनशाळेत नव्हती.

६

ही उणीव भरून निघाली ती साखरेच्या धंद्यामुळे. होनोलुलू येथे हवाई बेटांतील ऊस-मळेवाल्यांच्या संघाचे प्रयोगकेंद्र होते. तेथील ह्यूगो कॉर्टशाक, कॉन्स्टन्स हार्ट व जॉर्ज बर यांना शैवल चालण्यासारखे नव्हते. त्यांचे कामच उसाचे होते. त्यांनी उसाच्या पानाला किरणोत्सर्गी कार्बन डाय-ऑक्साइड दिला, तेव्हा पहिल्या क्षणांत कार्बन फॉस्फोग्लिसरिक अम्लात न दिसता मुख्यतः मॅलिक व अ‍ॅस्पार्टिक या अम्लांत दिसला. या दोन्ही अम्लांत कार्बनाचे चार अणू असतात. हे निष्कर्ष प्रथम केंद्राच्या वार्षिक अहवालांतून आले आणि १९५७ मध्ये हवाई विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात त्यांचा सारांश आला. सविस्तर निबंध ‘प्लँट फिजिऑलॉजी’ या नियतकालिकात छापला गेला तो १९६५ मध्ये.

दरम्यान सोव्हिएत संघातील कझान येथे युरी कार्पिलोव्ह याने मक्याच्या पानावर असाच प्रयोग केला आणि त्यालाही चार कार्बनांची अम्लेच प्रथम आढळली. त्याचा निबंध १९६० मध्ये तेथील कृषिसंस्थेच्या कार्यवृत्तात रशियन भाषेत प्रसिद्ध झाला. पश्चिमेकडील संशोधकांना तो अनेक वर्षे ठाऊक नव्हता.

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे एका साखर कंपनीच्या संशोधन केंद्रात हॅल हॅच व रॉजर स्लॅक काम करीत होते. होनोलुलूचे निष्कर्ष पाहून त्यांनी १९६५ मध्ये हा प्रश्न हाती घेतला. त्यांनी पानाला अल्प काळ किरणोत्सर्गी वायू दिला आणि लगेच साध्या हवेत नेऊन तो खुणेचा कार्बन पुढे कोठे जातो याचा माग काढला. चार कार्बनांच्या अम्लातील ठराविक एक कार्बन-अणू पुढे फॉस्फोग्लिसरिक अम्लात व तेथून साखरेत जातो, असे त्यांना दिसले. याचा अर्थ असा की, कॅल्व्हिनचे चक्र खोटे नव्हते. उसात त्याच्या आधी आणखी एक पायरी होती. हा निबंध १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर कार्बन डाय-ऑक्साइड पकडणारे आणि त्याच्याशी घट्ट बांधणी असणारे एन्झाइम कोणते, हेही त्यांनी निश्चित केले.

७

आता निरनिराळे धागे एकमेकांस भेटू लागले. मॉस याने १९६२ मध्ये दाखविले होते की, बंद पेटीत प्रकाशात ठेवलेला मका हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड जवळजवळ शून्यापर्यंत शोषून घेतो. इतर पुष्कळ वनस्पती मात्र त्याआधीच थांबतात. डाउन्टन व ट्रेगुना यांनी १९६८ मध्ये हा गुण, चार कार्बनांचा मार्ग आणि पानातील माळ यांची सांगड घातली. जेथे माळ आहे तेथे हा मार्ग आहे आणि तेथेच वायू शून्याजवळ नेण्याची शक्ती आहे, असा संबंध दिसून आला. १९७० च्या आसपास दोन्ही थरांतील पेशी व हरितकण वेगळे करून तपासले गेले, तेव्हा हाबरलांटचा श्रमविभाग अखेर नावानिशी सांगता आला.

तो असा. बाहेरील वलयातील पेशी कार्बन डाय-ऑक्साइड पकडून त्याचे चार कार्बनांचे अम्ल बनवितात. पेशीभित्तीतून जाणाऱ्या जीवद्रव्याच्या सूक्ष्म धाग्यांच्या वाटेने ते अम्ल आतील गडद हिरव्या पेशींत जाते. तेथे ते फुटून वायू मोकळा होतो आणि त्या कोंडलेल्या जागेत त्याचे प्रमाण बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पट वाढते. कॅल्व्हिनचे चक्र चालते ते तेथे. उरलेला तीन कार्बनांचा अवशेष पुन्हा बाहेरील पेशीत परत येतो. म्हणजे बाहेरील वलय हे पंपाचे काम करते आणि आतील कडे हे कारखान्याचे.

हा दुहेरी खटाटोप कशासाठी, याचे उत्तर १९७१ मध्ये आले. बोज, ऑग्रेन व हेगमन यांनी दाखविले की, कॅल्व्हिनच्या चक्रातील मुख्य एन्झाइम, ज्याला आज रुबिस्को म्हणतात, ते कार्बन डाय-ऑक्साइडऐवजी प्राणवायूलाही धरते. प्राणवायूमुळे प्रकाशसंश्लेषण मंदावते हे ओटो वारबुर्ग याने १९२० मध्येच पाहिले होते. त्याचे कारण येथे सापडले. उष्णता वाढते तसा हा तोटा वाढतो. आणि पाणी वाचविण्यासाठी रंध्रे मिटली की पानातील कार्बन डाय-ऑक्साइड घटून तो आणखी वाढतो. माळेच्या पानात रुबिस्कोभोवती कार्बन डाय-ऑक्साइड दाटलेला असल्याने हा तोटा जवळजवळ टळतो. यासाठी ऊर्जा अधिक खर्चावी लागते, पण प्रखर उन्हात ऊर्जेचा तुटवडा नसतो. रंध्रे अरुंद ठेवूनही काम भागते, म्हणून पाणी वाचते. ब्रिग्ज व शान्ट्झ यांच्या आकड्यांतील फाळणीचा उलगडा अशा रीतीने सुमारे साठ वर्षांनी झाला.

८

विलंबाची कारणे आता एकत्र पाहता येतील. पहिले कारण विषयांच्या भिंती. रचना शारीरज्ञाला ठाऊक होती, पाण्याचा हिशेब कृषिज्ञाला, पिष्टाचे स्थान मक्याच्या अभ्यासकाला आणि कार्बनाचा मार्ग रसायनज्ञाला. यांपैकी एकाचेही निरीक्षण चुकीचे नव्हते. परंतु प्रत्येकाचे उत्तर दुसऱ्याच्या दालनात होते. दुसरे कारण सोयीच्या नमुन्याचे. एका सजीवावर सिद्ध झालेला नियम सर्वांचा नियम मानण्यापूर्वी आपण तो सजीव का निवडला, हे आठवले पाहिजे. तिसरे कारण प्रकाशनाचे. होनोलुलूचा अहवाल आणि कझानचे कार्यवृत्त या दोहोंत उत्तराचा आरंभ छापलेला होता. परंतु ती पाने मोठ्या केंद्रांतील वाचकांच्या टेबलावर नव्हती.

निसर्गाने या इतिहासाला पुढे एक पुस्ती जोडली. माळ व मार्ग यांचा संबंध अतूट आहे असे जवळजवळ मानले गेले असता, २००१ मध्ये व्होझ्नेसेन्स्काया व तिच्या सहकाऱ्यांनी मध्य आशियातील खारवट वाळवंटांत वाढणाऱ्या एका वनस्पतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिच्यात चार कार्बनांचा मार्ग पूर्ण आहे, पण माळ नाही. एकाच लांबट पेशीच्या दोन टोकांत दोन प्रकारचे हरितकण राहतात आणि श्रमविभाग पेशीच्या आतच होतो. म्हणजे आवश्यक आहे ते दोन कामांसाठी दोन वेगळ्या जागा असणे. माळ ही त्या गरजेची सर्वांत प्रचलित, पण एकमेव नव्हे अशी पूर्ती होय. नियम पुरता कळला असे वाटावे आणि अपवादाने त्याचा खरा अर्थ दाखवावा, असे येथे घडले.

महाराष्ट्रातील वाचकास ही कथा दूरची वाटण्याचे कारण नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, मका आणि ऊस या सर्वांच्या पानांत ही माळ आहे. भात, गहू, तूर, हरभरा व भुईमूग यांत ती नाही. बांधावरची हरळी, शेतातील नागरमोथा, परसातील माठ व राजगिरा, वाटेवरचा सराटा, पावसाळ्यातील घोळ, हे सर्व माळेच्याच पंगतीतले आहेत. अवर्षणाच्या मुलखात जोंधळा-बाजरी तग धरतात हे शेतकऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याला मुळांची ठेवण इत्यादी अन्य कारणेही आहेत. परंतु त्या अनुभवाचा एक आधार पानाच्या या छेदात प्रत्यक्ष पाहता येतो. येथील कोणत्याही महाविद्यालयात, एका पात्याने व साध्या सूक्ष्मदर्शकाने, पंचवीस रानगवतांचे छेद काढून कोणात माळ आहे आणि कोणात नाही याची नोंद एका आठवड्यात करता येईल.

अशी नोंद प्रादेशिक भाषेतील लहान पत्रिकेत छापून काय उपयोग, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. या इतिहासावरून त्याचे उत्तर दोन बाजूंनी देता येते. कार्पिलोव्हचे पान काही वर्षे न वाचलेले राहिले, ही हानी खरी आहे आणि ती लपविण्याचे कारण नाही. परंतु ते छापलेले होते म्हणूनच पुढे सापडले आणि त्याच्या कर्त्याला त्याचे स्थान मिळाले. दुव्हाल-झूव्हच्या आकृत्या, अ‍ॅक्रनचे आकडे आणि होनोलुलूचे अहवाल यांचेही तसेच झाले. उत्तर हाती नसताना जे पाहिले ते अचूक लिहून ठेवणे, आणि जे कळले नाही ते कळले नाही असे स्पष्ट नमूद करणे, एवढे हाबरलांटने १८८४ मध्ये केले. नव्वद वर्षांच्या या कथेत जो दुवा कधीही दुरुस्त करावा लागला नाही, तो हाच.